शाळा घरी आणायची, पण कुणाच्या जिवावर?

(कोल्हापुरात झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात ‘मुलांचं शिक्षण आणि आईचं काम’ या सत्रात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

या सत्रात बोलशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. सरकारी कचेरीत कारकून आहे, एका मुलीची आई आहे आणि पंधरा-सोळा वर्षं आपल्या कामात जमेल तशी येते. पण गेल्या वर्षभरात तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला. ‘आमच्याकडे पाच-सहा घरं मिळून मुलांना घरीच शिकवायचं चाललंय. आम्ही त्यांच्यात जावं का?’ हा प्रश्न माझ्या घरात येऊन गेलाय, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जे घडलं ते सांगते. ज्या चुका माझ्या आहेत त्याही सांगते.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला आपण चिमी म्हणू. आम्ही दोघं नवरा-बायको मराठी शाळेत शिकलो, पण मुलीला इंग्रजी माध्यमात घातलं. का घातलं, तर सगळ्यांनी घातलं म्हणून. करोनात तिचं दुसरीचं वर्ष मोबाइलवर गेलं. शाळा परत सुरू झाली तेव्हा तिथे मराठी बोललं की पाच रुपये दंड, हा नियम आणखी कडक झाला होता. पण खरा घाव इंग्रजीच्या तासाला बसला नाही, मराठीच्या तासाला बसला. चिमीला सांभाळलं तिच्या आजीनं, माझ्या सासूबाईंनी. त्या कागल तालुक्यातल्या. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवतो’ असंच बोलतात, तुम्हाला सांगायला नको. चिमीही तसंच बोलायची. एक दिवस वर्गात ती म्हणाली, ‘बाई, मी डबा नंतर खातो.’ वर्ग हसला. बाईंनी विचारलं, ‘तू मुलगा आहेस का गं?’ मग ते नावच पडलं.

त्यानंतर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. घरातही ती कमी बोलायला लागली. मी बघत होते, पोरगी वाक्य आधी मनात तपासायची आणि मग तोंडातून काढायची. नऊ वर्षांचं लेकरू! शाळेत जाऊन भेटले. तिथे मला सांगण्यात आलं, की घरचं वातावरण सुधारा. त्या शाळेचं नाव मी घेत नाही, कारण अशा शाळा एक-दोन नाहीत.

त्याच सुमारास, २०२२ च्या दिवाळीनंतर, कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. ती म्हणाली, आम्ही सहा घरांनी मुलांना शाळेतून काढलंय. ताराबाई पार्काच्या बाजूला एकीचं मोठं घर आहे, तिथे सगळी मुलं एकत्र शिकतात. सोमवार ते शुक्रवार दहा ते दोन. रोज एक पालक शिकवतो. गणिताला एक शिक्षक पगारी ठेवलाय. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा द्यायच्या. महिन्यातून एका रविवारी पन्हाळा नाहीतर विशाळगड. तू ये, चिमीला घेऊन ये.

ही माणसं वेडगळ नव्हती. दप्तराचं ओझं, शाळा सुटली की क्लास, वर्षाची फी, मुलांच्या चेहऱ्यावरची भीती, या सगळ्याला ती कंटाळली होती. जे आपण सभांमधून बोलतो तेच ती बोलत होती. मी महिनाभर बघायचं ठरवलं. शनिवारी जायचे, अधूनमधून अर्धी रजा टाकून जायचे. चिमीला नेत होते.

आणि मला तिथलं आवडलं, हे आधी कबूल करते. डिसेंबरात एका सोमवारी सगळी मुलं करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेली. मीही गेले. उसाची मोळी तोलायची, रस मोजायचा, काहिलीखाली चुलवाणात चिपाडं कशी सारतात ते बघायचं. रसात रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. गुळव्या पाक हातात घेऊन पाण्यात बुडवून बघतो आणि आता उतरवा म्हणतो. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो गूळ निघतो, हे मुलांनी स्वतः हिशोब मांडून काढलं. शेकडेवारी काय असते हे चिमीला त्या दिवशी कळलं. आणि तिनं गुळव्याला मोठ्यानं विचारलं, ‘मामा, तुम्हाला कसं कळतंय झालाय म्हणून? मी हात घालून बघू का?’ कितीतरी महिन्यांनी पोरगी न तपासता बोलली. मी बाजूला जाऊन डोळे पुसले. मनात म्हटलं, झालं, ठरलं. हिला इथेच घालायची.

तेवढ्यात माझं लक्ष अंगणात गेलं. चिमीच्याच उंचीची एक मुलगी पिळून निघालेली चिपाडं वाळत घालत होती. कडेवर धाकटा भाऊ. मी नाव विचारलं, शाळा विचारली. ती हसली फक्त. तिची आई म्हणाली, ‘गावाकडं नाव हाय की शाळंत. आता हंगामाला हितं आलोय. ह्याला कोण बघणार?’

त्या रात्री झोप आली नाही. सोमवारची सकाळ होती. नऊ वर्षांच्या दोन मुली, दोघी एकाच गुऱ्हाळावर, दोघी शाळेबाहेर. एकीला आम्ही म्हणतोय मुक्त शिक्षण. दुसरीला सरकारी कागदावर म्हणतात शाळाबाह्य. मला चिमीबद्दल अपराधी वाटावं असं कुणाला सुचवायचं नाही. आपल्या मुलीचं दुखणं खोटं नव्हतं. पण इतकी वर्षं आपण वस्त्यांमधून, ऊसतोडीच्या तळांवरून, ‘मुलीला शाळेत घाला’ म्हणत फिरलो. उद्या त्या आईनं मला विचारलं, ‘तुमची कुठं जाते शाळेत?’ तर मी काय सांगू? हा पहिला प्रश्न मनात आला. तो सुटला नव्हता तोवर दुसरा आला, आणि तो माझ्याच घरातून आला.

गटात यायचं तर काय काय करावं लागेल, म्हणून मैत्रिणीनं मला वेळापत्रक पाठवलं. सुंदर रंगीत कागद. सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक. मी दोनदा वाचला. सगळी नावं बायकांची होती. ‘रोज एक पालक शिकवतो’ असं ती म्हणाली होती, त्या पालकाचा अर्थ आई. दुपारचं खाणं करणाऱ्यांची यादी, तीही बायकांची. वडिलांची नावं एकाच रकान्यात होती: रविवारची सहल. सहा जणींपैकी चौघींनी नोकरी किंवा व्यवसाय सोडला होता. एक वास्तुविशारद होती, एक दातांची डॉक्टर. त्या दुःखी होत्या का? नाही. मुलांबरोबर रमल्या होत्या. पण एकीनं चहा गाळता गाळता मला म्हटलं, ‘सही करायला बँकेत गेले तर पेन कसं धरायचं ते विसरल्यासारखं झालं बघ.’ आणि हसून दुसरा विषय काढला.

माझा नवरा चांगला माणूस आहे. शिरोलीला एका कारखान्यात नोकरीला आहे, मोर्च्याला मला सोडायला येतो. त्यानं रात्री वही घेतली आणि हिशोब मांडला. शाळेची फी वाचेल, रिक्षा वाचेल, क्लास वाचेल, तुझं जाण्यायेण्याचं वाचेल. म्हणजे तुझ्या पगारातून आत्ता उरतं किती? मग सोडलीस तर फारसं बिघडत नाही. आकडे बरोबर होते. पण मैत्रिणींनो, चिमीच्या शिक्षणाचा सगळा खर्च माझ्याच पगारासमोर का मांडला? त्याच्या पगारासमोर का नाही? मी हे विचारलं तेव्हा तो खरोखर चकित झाला. त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही तोवर त्याच हिशोबात बेरीज-वजाबाकी तपासत बसले होते.

आमचं बोलणं सासूबाई ऐकत होत्या. त्या चौथीत असताना त्यांना शाळेतून काढलं. आई शेतात जायची आणि लहान भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. त्या मला म्हणाल्या, ‘नोकरी सोडू नकोस. मी चौथीतनं घरात बसलो ते अजून बसलोय.’ एवढंच बोलल्या आणि उठून आत गेल्या.

यात माझी एकटीची गोष्ट नाही. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, असं निघालं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. मुलांची आणि घरातल्या माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आधीच गेलेले आहेत. त्यावर आता शाळा चढवायची. शाळा ही समाजानं उचललेली जबाबदारी आहे. कराच्या पैशातून, पगारी शिक्षकांकडून ती पार पाडली जाते. ती घरी आणली की ती बिनपगारी होते, आणि बिनपगारी झाली की ती आपोआप बाईची होते.

मग माझ्या मनात आलं, घरी शिकणं हे नवं कुठे आहे? आपल्या बायकांचा तर तोच इतिहास आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे वडिलांकडे घरीच शिकल्या. रमाबाई रानडे नवऱ्याकडे शिकल्या आणि घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली. सावित्रीबाईंनाही आधी शिकवलं जोतीरावांनी. या साऱ्याजणी घरी शिकल्या, पण त्यांनी काही शाळेला नकार दिला नव्हता. शाळेचं दार त्यांच्यासाठी उघडंच नव्हतं. ज्या घरी शिकल्या त्यांनी पुढे काय केलं बघा. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं. आपल्याला घरात जे मिळालं ते घराबाहेर सगळ्यांसाठी नेलं.

आपल्या कोल्हापुरातही असं घडलं आहे. १९१८ मध्ये शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. राजघराण्यातल्या विधवा सुनेनं शिकायचं, याला वाड्यातून विरोध झाला. महाराजांनी त्यांची राहण्याची आणि शिकण्याची सोय सोनतळीला केली आणि सोबत शिकायला इतर मुली ठेवल्या. आजच्या भाषेत म्हटलं तर तोही घरच्या शिक्षणाचा छोटा गटच होता. कशासाठी? पडद्यात बसवलेल्या मुलीला पडद्याबाहेर काढण्यासाठी.

पण त्याच महाराजांनी रयतेसाठी काय केलं? १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्या काळी कुणाकुणाच्या मुलांनी एका बाकावर बसावं यावरून गावं पेटत होती. एका बाकावर बसणं हेच शिक्षण होतं. आमच्या सहा घरांकडे मी पुन्हा बघितलं. सहाही घरं जवळपास एकाच थरातली. कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्यांना एक पगार सोडता येतो आणि ज्यांच्याकडे मोठी गच्ची आहे तीच घरं एकत्र येणार. मुलं मोकळी होती, हुशार होती, पण ज्या शहरात ती वाढत होती त्यातली निम्म्याहून अधिक माणसं त्यांना भेटतच नव्हती. भेटत होती ती सहलीला.

आणखी एक आठवण काढते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्या महाराष्ट्रानं दीड-दोन वर्षं घरची शाळा करून बघितली. आपल्यापैकी बऱ्याच जणी तेव्हा वस्त्यांत काम करत होत्या. काय दिसलं? घरात एक मोबाइल आणि मुलं तीन. मोबाइल आधी मुलाच्या हातात. मुलगी घरीच आहे तर तिनं भाकरी टाकावी, पाणी भरावं. मग ‘घरीच आहे’ याचं ‘लग्न उरकून टाकू’ कधी झालं ते कळलंही नाही. किती लग्नं आपण धावतपळत जाऊन थांबवली आणि किती आपल्याला नंतर कळली! घर हे सगळ्या मुलींसाठी शाळेपेक्षा सुरक्षित असतं, असं म्हणायची आपली तयारी आहे का? किती मुलींना घरातला छळ पहिल्यांदा शाळेतल्या बाईंना सांगता आला, हे इथल्या समुपदेशक मैत्रिणी सांगतील.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण विचारणाऱ्या मैत्रिणींना ते हवं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलं, पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिली नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला मात्र एक लाखापर्यंत दंड आहे आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आता सहा घरांनी मिळून शिक्षक ठेवला, फी ठरवली, पाटी लावली, तर गट कुठे संपतो आणि शाळा कुठे सुरू होते, हे कायद्यात स्पष्ट नाही. म्हणून अशा गटात जाताना कागदपत्रांची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे ते विचारा. घरी शिकण्याचा पर्याय कायद्यानं एकाच ठिकाणी स्पष्ट शब्दांत दिलाय. २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना तो मिळाला.

परतीची वाटही आहे. मधेच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालय तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा घेतं, दहावीही घेतं. आणि आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे कोण भरतं? लग्न होऊन शिक्षण सुटलेली सून, दिवसा कामावर जाणारी पोरगी. त्यांना तो फॉर्म म्हणजे मिळालेली दुसरी संधी. पहिली संधी हातात असताना ती सोडून दुसरीकडे जायचं, तर त्याला कारण तसंच भक्कम हवं.

मी त्या गटाला नुसतं नाही म्हणून आले नाही. तीन गोष्टी मांडल्या. एक, वेळापत्रकात वडिलांची नावं आईंइतकीच येतील, रविवार सोडून. दोन, जी शिकवेल तिला मानधन मिळेल, मग ती कुणाची आई का असेना. तीन, ज्यांना पैसे परवडत नाहीत अशा घरची मुलं आपल्याइतकीच घ्यायची. चर्चा चांगली झाली, कुणी रागावलं नाही. दोन वडिलांनी शनिवार घेतले. मानधनावर हशा झाला. ‘आपल्याच मुलांना शिकवायचे पैसे?’ असं बायकाच म्हणाल्या. तिसऱ्या मुद्द्यावर ‘बघू’ म्हणाले. आपल्याला सगळ्याजणींना ठाऊक आहे, ‘बघू’ म्हणजे काय ते.

मी गटात गेले नाही. पण चिमीला त्या जुन्या शाळेतही ठेवलं नाही. इथे मला लीलाताई पाटलांचं नाव घ्यायला हवं. शिक्षक घडवण्याचं काम आयुष्यभर केलेल्या या बाईंनी १९८५ मध्ये आपल्या कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. २०२० मध्ये त्या गेल्या. मुलांना न मारता, न भिववता, बाजारात, शेतात, कारागिराच्या दुकानात नेऊन शिकवता येतं, आणि तेही मराठीतून आणि शाळेतच, हे त्यांनी करून दाखवलं. गुऱ्हाळावर मला जे भावलं ते शाळेतही होऊ शकतं, याचा पुरावा माझ्याच गावात होता आणि मी तो विसरले होते.

आम्ही चिमीला पेठेतल्या सरकारी मराठी शाळेत घातलं. गोड शेवट सांगणार नाही. पट घसरलेला. एका बाईंकडे दोन वर्ग. मुलींच्या संडासाला कडी नाही. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, आपण तत्त्वासाठी लेकराचा बळी देतोय. नवरा तोंडावर म्हणालाही तसं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तिथे चिमी ‘मी आलो’ म्हणाली तेव्हा कुणी हसलं नाही, कारण निम्मा वर्ग तसाच बोलत होता. पोटदुखी सहा-सात आठवड्यांनी थांबली.

मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर बायका होत्याच, सह्या घरपोच व्हायच्या. आम्ही बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवली, धुणीभांडी करणाऱ्या आया यायला लागल्या. पहिली मागणी त्यांनीच मांडली: संडासाला कडी. एका कडीला चार महिने लागले, अर्जावर अर्ज. पण बसली. मग मी त्या गटातल्या मैत्रिणींना बोलावलं. दोघी आल्या. वास्तुविशारद आता महिन्यातून दोन शनिवार पाचवी ते सातवीला भूमिती शिकवते, शाळेची इमारत मोजायला लावून. गुऱ्हाळाची सहल आम्ही गेल्या हंगामात चाळीस मुलांना घेऊन केली. त्यात दोन मुलं ऊसतोडीच्या तळावरची होती, हंगामापुरती याच शाळेत बसवलेली. चिपाडं वाळत घालणारी ती मुलगी त्यात नव्हती. ती कुठे आहे मला माहीत नाही. सगळं सुटलं, असं म्हणूच शकत नाही.

त्या गटातलं एक घर अजून घरीच शिकवतं आणि त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. त्यांच्या मुलाला गर्दी आणि आवाज सहन होत नाही. तीन शाळांनी त्याला गोड बोलून वाटेला लावलं. तिथे घर हा आसरा आहे. म्हणून ‘घरी शिकवणाऱ्या बायका स्वार्थी’ असली भाषा आपण वापरू नये. ज्या आईला शाळेनं छळलेलं मूल घेऊन उभं राहावं लागतं, तिला आधी जवळ घ्यावं, मग प्रश्न विचारावेत.

पण प्रश्न मात्र विचारावेतच. तुमच्याकडे कुणी सल्ल्याला आली, तर मी विचारते ते चार तुम्हीही विचारा. वेळापत्रकात कुणाची नावं आहेत? ज्या बाईचं काम सुटणार आहे तिच्या हातात स्वतःचे पैसे, स्वतःच्या नावावर काही उरणार आहे का, आणि परत जायची वाट आहे का? मुलीला घराबाहेरचं असं एक तरी मोठं माणूस मिळणार आहे का, ज्याला ती घरातलं दुखणं सांगू शकेल? आणि शेवटचा, आपण आपलं मूल काढून घेतल्यावर मागे त्या वर्गात कोण उरतंय? २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं काढलं. आपण एकेक करून पट सोडला, की बंद होणाऱ्या शाळेतली मुलगी दुसऱ्या गावाला चालत जात नाही. ती घरी बसते. चौथीतनं घरी बसते.

या चारही प्रश्नांची उत्तरं बरी आली, तर जा म्हणावं, आनंदानं जा. माझ्या बाबतीत ती आली नाहीत, म्हणून मी गेले नाही. चिमी आता सातवीत आहे. पुढच्या वर्षी तिला हायस्कूल बघायचंय, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात परत येईल. त्या वेळी वही मी मांडणार आहे, आणि रकाने दोन ठेवणार आहे, दोघांच्या पगाराचे.

एवढं बोलून थांबते. मानधनाच्या मुद्द्यावर बायकाच का हसल्या, यावर मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. चर्चेची सुरुवात तिथून करूया.